सरकार आहे ना पाठीशी

सकाळी सकाळी भाच्याचा फोन. मामा, व्होडाफोन आयडियाचे शेअर घेऊन ठेवू का, सरकारचेच 49 टक्के आहेत, आता कुठं बुडतीय! तेव्हापासून डोकं भणभणतंय. कारण आमचे बाबा अगदी असंच बोलायचे. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतले पैसे त्यांनी एका सरकारी बँकेच्या शेअरमध्ये घातले, बँकेचं नाव घेत नाही, आणि आईला म्हणाले, सरकार आहे ना पाठीशी.

त्या 49 टक्क्यांचं ऐका आता. एप्रिल 2025 मध्ये स्पेक्ट्रमचे, म्हणजे मोबाइलसाठी लागणाऱ्या लहरींचे, थकलेले 36,950 कोटी रोख द्यायच्या ऐवजी कंपनीनं सरकारला 10 रुपयांप्रमाणे 3,695 कोटी नवे शेअर दिले. सरकारचा हिस्सा 22.6 वरून थेट 48.99 टक्के. हा हिस्सा आला कुठून? बाकीच्यांच्या ताटातून! तुमचे हजार शेअर हजारच राहिले, पण कंपनीतला तुमचा वाटा जवळपास एक तृतीयांशानं घटला. आणि लोकांनी वर्षभरापूर्वीच एफपीओत, म्हणजे कंपनीनं लोकांना नवे शेअर विकले तेव्हा, 11 रुपयांनी घेतले होते हो.

मान्य, बाजारात भाव सातच्या आसपास असताना सरकारनं 10 लावले, कंपनीच्या डोक्यावरचं देणंही उतरलं. ठीक. पण स्पेक्ट्रम विकणारं सरकार, एजीआरची, म्हणजे कंपनीच्या उत्पन्नातल्या सरकारी वाट्याची, थकबाकी मागणारं सरकार, समोर बीएसएनएल चालवणारं सरकार आणि आता इथला सगळ्यात मोठा भागधारकही सरकारच, मग छोट्या माणसानं दाद मागायची कुणाकडं?

2018 ला ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीनं 36,915 कोटी मोजून एचपीसीएल या दुसऱ्या सरकारी तेल कंपनीतला सरकारचा 51.11 टक्के हिस्सा घेतला. पैसे सरकारी तिजोरीत, कर्ज ओएनजीसीच्या डोक्यावर. ओएनजीसीचे शेअर धरून बसलेल्या एखाद्या पेन्शनरला विचारलं होतं कुणी? चीड येते राव.

बाबांकडं अधूनमधून सभेची नोटीस यायची. भांडवल वाढवायचंय, नवे शेअर भारताच्या राष्ट्रपतींच्या, म्हणजे सरकारच्याच, नावे. बाबा चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि खूश व्हायचे, की बघ, राष्ट्रपती आपल्या बँकेत पैसे घालतायत. दर नोटिशीला तुमचा वाटा पातळ होतोय बाबा, हे मला कळत होतं, पण त्यांचा चेहरा बघून कधी बोलताच आलं नाही.

ते गेल्यावर फाइल उघडली तर सगळ्या नोटिसा तारखेप्रमाणे लावलेल्या.

भाच्याला अजून उत्तर दिलेलं नाहीये. संध्याकाळी ती फाइल घेऊनच त्याच्याकडं जातोय.