कॅम्पर कंपन्यांनो, भिंतीतले स्टड कुठे आहेत ते सांगायला तुमचं काय जातं?

अख्खा शनिवार मी टॉय हॉलरच्या गॅरेजमधली भिंत ठोकत बसले आणि हाती काय लागलं? चार भोकं. एकाच्याही मागे स्टड, म्हणजे भिंतीच्या आतला उभा आधार, नाही.

टॉय हॉलर म्हणजे मागे गॅरेज असलेला कॅम्पर, राहायची-झोपायची सोय असलेली गाडी. मागची भिंत खाली पाडली की तिचाच रॅम्प होतो आणि डर्ट बाइक थेट आत चढते. आम्ही सॅन दिएगोला राहतो, थंडीत मुलांना घेऊन इंपीरियल सँड ड्यून्सच्या वाळूच्या टेकड्यांवर जातो. म्हणजे ही गाडी लोक घेतातच मुळी सामान वाहायला! हेल्मेटं, बूट, पेट्रोलचे कॅन, हवेचा पंप, टूलबॉक्स. जमिनीत डी-रिंगा, म्हणजे पट्टे अडकवायच्या कड्या, दिल्यात, त्या भक्कम आहेत, बाइक जागची हलत नाही. पण बाकीचं सगळं कुठे बांधायचं? भिंतीला. आणि भिंतीत कुठे काय आहे, हे सांगायला कुणी तयार नाही.

नवरा म्हणाला, "अगं, घरात शेल्फ लावतो तसंच लावायचं." घराचं सोडा हो! इथल्या लाकडी घरांत साधारण 16 इंचांवर एक स्टड असतो, एक सापडला की पुढचा टेप लावून मोजता येतो. कॅम्परमध्ये असला काही नियम नाही. खिडकी आली, सरकवला. चाकाची कमान आली, सरकवला. मध्येच तीन-साडेतीन फूट काहीच नाही.

स्टड फाइंडर घ्या म्हणतात. घेतला. घरातल्या भिंतीसाठी बनवलेलं ते यंत्र इथे दर चार इंचांवर टीं टीं करतं, नाहीतर मुकाट पडून राहतं. मग चुंबक. जुन्या पद्धतीच्या, लाकडी सांगाड्याच्या कॅम्परमध्ये चुंबकाचा उपयोग होतो, कारण आतलं पॅनल लाकडावर स्टेपलने ठोकलेलं असतं आणि चुंबक त्या स्टेपलला धरतो. आमच्या भिंतीत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, मध्ये फोम, आणि वरून सगळं गोंदाने चिकटवलेलं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटतो का? स्टेपल तर औषधालाही नाही.

पहिल्या भोकातून स्क्रू बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांना पांढरे फोमचे दाणे लागले होते आणि वर लाकडाचा तांबूस भुसा. बोटाने ढोसलं तर पॅनल आत दबलं. 3 मिलिमीटरचं प्लायवूड, त्यावर भिंतीच्या रंगाचा कागद. यावर सामान टांगायचं?

मागच्या वर्षी टांगलं होतं. डीलरकडच्या माणसाने स्वतः लावून दिलेलं शेल्फ होतं, "एकदम घट्ट बसलंय" म्हणाला होता. इन-को-पाहचा घाट उतरून खाली आलो, रॅम्प उघडला, तर शेल्फ टूलबॉक्सासकट मुलाच्या बाइकवर आडवं. टाकीला खड्डा, भिंतीचा कागद हातभर फाटलेला. त्या क्षणी तिथे मूल झोपलेलं असतं तर? गॅरेजमध्येच वरून खाली येणारे पलंग आहेत, रात्री मुलं तिथेच झोपतात!

कंपनीला फोन केला. चाळीस मिनिटं ताटकळले. उत्तर काय, तर भिंतीत भोक पाडू नका, वॉरंटी जाईल. मी विचारलं, सांगाड्याचं चित्र तरी पाठवा. "ते ग्राहकांना देत नाही." का देत नाही? तो सांगाडा कुणीतरी मोजूनमापूनच जोडलाय ना? म्हणजे चित्र आहे. एका कागदाची किंमत ती काय! आणि त्याच भिंतीतून 120 व्होल्टच्या वायरी जातात. माणूस अंदाजाने ड्रिल चालवणार आणि तुम्ही हात वर करून मोकळे?

लहानपणी एसटीत बसायचो तेव्हा रिव्हेटांची ओळ उघड्या डोळ्यांना दिसायची. पत्र्याच्या मागे सांगाडा कुठून गेलाय, हे शाळकरी पोराला कळायचं. इथे लाख डॉलरकडे झुकणाऱ्या गाड्या विकतात आणि सगळं गुळगुळीत कागदाखाली झाकून ठेवतात.

शेवटी मार्ग सापडला तो दवामुळे. रविवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. बाहेर आले तर फायबरग्लासवर दव पडलेलं आणि त्यात उभ्या-आडव्या रेघा स्पष्ट उमटलेल्या. धातूतून उष्णता फोमपेक्षा लवकर वाहते, म्हणून नळीवरचं दव वेगळं दिसतं. पायात चपला, अंगात नाइट गाऊन, तशीच मास्किंग टेप घेऊन धावले आणि ऊन यायच्या आत एकेका रेघेवर टेप मारली. मागच्या कोपऱ्यापासून मोजून तीच मापं आत उतरवली. पहिल्याच ठिकाणी ड्रिलच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत कीस आला. माझी चारही भोकं नळीपासून दोन-दोन इंच हुकली होती. दोन इंच!

आता तिथे रिव्हनट (नळीच्या भोकात घट्ट बसणारे आट्यांचे नट) बसवून एल-ट्रॅक (सामान बांधायची धातूची पट्टी) लावतेय, आणि आमच्या भिंतीचं मापासकट चित्र काढून ठेवलंय. हेच मॉडेल असेल त्यांनी बिनधास्त मागा, मी पाठवते. वायरी कुठून जातात ते मात्र अजून मला कुणीही सांगितलेलं नाही. उद्या पुन्हा फोन करणार आहे, आणि चित्र मिळेपर्यंत रोज करणार आहे.