गुरुजींशिवाय गणपती बसवताना

चतुर्थीला गुरुजी मिळत नाहीत ही रड आता सोडा. मिळाले तरी पहाटे साडेपाचला येतात, स्कूटरवरूनच ‘आंघोळी झाल्या का?’ विचारतात आणि पुढच्या पाच घरांच्या घाईत तुमची पूजा उरकून जातात. तेवढं मोबाईलही करतो.

यात पाप वगैरे काही नाही. याच पुण्यात १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लावून दाखवली. बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली ‘कालनिर्णय’ आलं आणि तिथी-मुहूर्त गुरुजींच्या पिशवीतून निघून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर, दुधाच्या हिशेबात जाऊन बसले. फरक एवढाच, की जोतीरावांनी मध्यस्थ काढला तो विचार करून. आपण काढतोय तो पार्किंग नाही म्हणून.

तर कृती. मोबाईल नारळाला टेकवून ठेवा. पंचामृताने बरबटलेल्या हाताने जाहिरात वगळता येत नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यात लहान मुलाला सोवळं नेसवून फक्त ‘स्किप’च्या कामाला बसवा. ही हयगय आम्हाला गेल्या वर्षी भोवली. ‘अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु’ झालं आणि गृहकर्जाची जाहिरात लागली. मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावून, डोळे मिटून बसलेले आमचे मेहुणे व्याजाचा दरही भक्तिभावाने म्हणून गेले. तो बाप्पाला लागू झाला की मेहुण्यांना, हे अजून ठरलेलं नाही.

‘अमुकगोत्रोत्पन्न’ आलं की तिथे आपलं गोत्र घालायचं असतं. ‘अमुक’ हेच गोत्र समजून म्हणणारे सदाशिव पेठेतही निघतात, म्हणून सांगितलं. गोत्र आठवत नसेल तर काश्यप म्हणा, चालतं.

ज्ञानप्रबोधिनीत शिकलेल्या स्त्री-पुरोहितांच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नका. त्या मंत्रांचा मराठीत अर्थ सांगतात. अर्थ कळला की एखादा प्रश्न विचारतो, प्रश्नावर चर्चा होते आणि तिकडे मोदक गार.

आणि हो, गुरुजींचा नंबर पुसून टाकू नका. ओंकारेश्वराला वडिलांच्या दहाव्याला पिंड मांडलेले असतात, मंडळी उन्हात तासभर ताटकळलेली असतात, कावळा पलीकडच्या भिंतीवर बसून मान वळवतो पण शिवत नाही. अशा वेळी व्हिडिओ पुढेमागे करून उपयोग नसतो. तिथे गुरुजीच हळूच थोरल्याच्या कानाशी लागतात, ‘आईला सांभाळीन म्हणा.’

थोरला धाकट्याकडे बघतो.