बी १२ चा अपवाद राहून गेला

जीवनसत्त्वांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठत नाहीत, जास्तीची लघवीवाटे निघून जातात, म्हणून ती कितीही घेतली तरी चालतात’ हे वाक्य खटकलं. थायमिनला (बी १) ते बरंचसं लागू पडतं, त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. बी १२ मात्र यकृतात चांगलं साठतं. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम आणि साठा काही मिलिग्रॅमचा, त्यामुळे पुरवठा थांबला तरी कमतरता दिसायला वर्षं लागतात. ते आतड्यात शोषलं जायला जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं. ते कमी पडलं तर आहार उत्तम असूनही बी १२ कमीच राहतं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचंही बी १२ कमी होऊ शकतं, त्यांनी ते तपासून घ्यावं.

त्यात एक मेख आहे. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (बी ९) घेतलं तर त्या कमतरतेने झालेला रक्तक्षय सुधारतो, रिपोर्ट बरा दिसतो, पण मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं वगैरे.

‘कितीही’बद्दल म्हणाल तर बी ६ चे मोठे डोस बरेच महिने घेतल्यास तेही मज्जातंतूंना इजा करतं. आणि केसांसाठी बायोटिन (बी ७) घेणाऱ्यांनी रक्त द्यायच्या आधी लॅबला तसं सांगावं. थायरॉईडचे आकडे त्याने चुकीचे येऊ शकतात. क जीवनसत्त्वावर इतकं लिहिलंत, त्यातल्या दोन ओळी इकडे द्यायला हव्या होत्या.