डबल्समध्ये धावणं निम्मं होत नाही

हायरॉक्स म्हणजे आठ वेळा एक-एक किलोमीटर धावणं आणि दरवेळी त्यानंतर एक व्यायाम (स्टेशन) करायची शर्यत. ती जोडीनं करायच्या डबल्स प्रकाराला लेखात ‘निम्मी मेहनत’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. आठही किलोमीटर दोघांनी बरोबरच धावायचे असतात, वाटून घेता येतात ती फक्त स्टेशनं. म्हणून जोडीदार ताकद बघून नव्हे, धावण्याचा वेग जुळतो का ते बघून निवडा. स्लेड पुशला, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी ढकलताना (पुरुष ओपन गटात स्लेडसकट १५२ किलो), अदलाबदल १२.५ मीटरच्या पट्ट्याच्या टोकालाच करा. मध्येच थांबलेली स्लेड पुन्हा हलवायलाच जीव जातो. शंभर वॉल बॉलचे (स्क्वॉट मारून जड चेंडू भिंतीवरच्या खुणेवर फेकायचा) १५-१५ चे तुकडे पाडा, दम संपायच्या आधी चेंडू द्या. दमल्यावर स्क्वॉट उथळ होतो आणि रेप (एकेक फेक) धरत नाहीत. जिमच्या मित्रांनी नुसतं ओरडण्यापेक्षा कडेला उभं राहून धावण्याच्या फेऱ्या मोजाव्यात. फेरी चुकली की दंड बसतो!