वास बांगड्याचा, आळ लोण्यावर

चतुर्थी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्याकडे पहिली संक्रांत फ्रीजवर येते. मुंबईची मंडळी यायच्या आत त्यात जागा करायची असते. परवा तोच उद्योग करताना दोन वस्तू हाताला लागल्या. एक, मे महिन्यात भाचरांच्या पावभाजीसाठी आणलेल्या पिवळ्या बटरची अर्धी वडी, कागदात कशीबशी गुंडाळलेली. दुसरी, पांढऱ्या लोण्याचा स्टीलचा डबा. हा डबा सासूबाईंचा. साय साठवायची, विरजण लावायचं, घुसळायचं, गोळा डब्यात टाकायचा आणि "डबो भरलो काय कढवया" म्हणायचं. तो डबा जूनपासून भरतोच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. नुसत्या वरवरच्या वासावरून लोणी टाकू नये. आणि खवट झालेलं लोणी कढवून वाचवायला जाऊ नये. पहिलं वाक्य आमच्या पुण्याच्या नणंदेला पटत नाही, दुसरं सासूबाईंना. मधल्या मधे मी.

आधी पिवळी वडी. नणंद व्हिडिओ कॉलवर होती. कागदावरची तारीख अजून चार महिने पुढची, पण वडी बाहेरून गडद पिवळी, जराशी मेणचट, आणि नाकाशी नेली तर चक्क बांगडा! ती तिकडून म्हणाली, टाक ती. आता मालवणातल्या फ्रीजमध्ये बांगड्याचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा येणार? स्निग्ध पदार्थ आजूबाजूचा वास ओढून घेतो. खालच्या कप्प्यात बांगडे, वर उघड्या कागदात बटर, असं दोन महिने ठेवल्यावर दोष लोण्याचा नाही, ठेवणारीचा. म्हणजे माझा. सुरीनं चारी बाजूंचा बोटाच्या पेराहून पातळ थर काढला. आत फिकट, एकसारखं, चांगलं लोणी. चाखलं. खारट, गोडसर, बस. ते आता झाकणाच्या डब्यात आहे आणि घावण्यांबरोबर संपतंय.

हे बटर इतकं टिकतं कसं, याचा हिशोब मला फार आवडतो. शंभर ग्रॅम बटरमध्ये किमान 80 ग्रॅम स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी 16 ग्रॅमपर्यंत चालतं. मीठ समजा दोन ग्रॅम. पण मीठ काही चरबीत विरघळत नाही, ते सगळं त्या पाण्यात जातं. म्हणजे लोण्यात अडकलेले पाण्याचे बारीक थेंब अकराएक टक्के खारे. समोरचा आपला समुद्र साडेतीन टक्के! त्याच्या तिप्पट खाऱ्या पाण्यात जिवाणूंनी संसार करायचा कसा? सुक्या मासळीला मीठ लावताना आपण दुसरं काय करतो? मात्र मीठ आवरतं ते जिवाणूंना. हवा आणि उजेड यांनी चरबी खवट होते, त्याला मीठ काही करत नाही. म्हणून वडी बाहेरून जाते, आतून राहते.

आता डबा. खरी गंमत इथे आहे, कारण तो दिसायला अगदी देखणा होता. पांढराशुभ्र, बुरशीचा ठिपका नाही, वरवर वासही नाही. थंड लोणी लबाड असतं, गारठ्यात वास बसून राहतो. म्हणून मी वाटाण्याएवढं लोणी तळहातावर घेतलं, बोटानं चोळलं आणि मिनिटभर थांबले. मग आला. आंबूस नव्हे हं, आंबूस चालतं, ताकाचं असतं ते. हा वास जुन्या चीजचा, आणि त्याच्या मागे, जेवताना वाचत असाल तर माफ करा, लहान बाळ दूध ओकतं तो. जिभेला लावलं तर घशाशी साबण चाटल्यासारखी कडवट चव. खवट खोबऱ्याची वाटी चुकून चावली की होतं तसंच तोंड झालं.

याचं कारण साधं आहे. दुधाच्या चरबीत ब्युटिरिक ॲसिड बांधलेलं असतं, त्याचं नावच लोण्याच्या लॅटिन शब्दावरून पडलंय. बांधलेलं असतं तोवर त्याला वास नाही. घरच्या लोण्यात ताक राहतं, मीठ नसतं, सायीबरोबर आलेले जिवाणू असतात. हळूहळू चरबी फुटते आणि हे ॲसिड मोकळं होतं. फ्रीज हे काम सावकाश करतो, थांबवत नाही.

"टाकतंस? सगळ्या पावसाची साय ती!" सासूबाई म्हणाल्या. "कढय गो. कढयल्यावर वास जाता."

आई, अर्धाच जातो. तूप साधारण 110-120 अंशांवर उतरतं आणि ब्युटिरिक ॲसिड उकळतं 163 ला. वाफेबरोबर थोडा वास निघतो, घरभर होतो, आणि घरभर झाला म्हणून आपल्याला वाटतं की पातेल्यातून गेला. उरलेला तुपात मुक्कामाला. हे मी पुस्तकी सांगत नाहीये, भोगलेलं आहे.

मे 2021. तौक्ते वादळ 16 तारखेला आमच्या किनाऱ्यावरून वर सरकलं. माड पडले, खांब पडले, आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती. फ्रीजमधलं लोणी वितळलं, मग लाईट आल्यावर पुन्हा गोठलं. वर पिवळी साय, खाली पांढरं पाणी. तेव्हाच वास आला होता. पण त्या दिवसांत काहीही टाकणं जिवावर यायचं, आधीच एवढं गेलेलं. मी कढवलं. दोन विड्याची पानं टाकली, चिमूट मीठ टाकलं, बेरी लालसर होईपर्यंत ठेवलं. रंग सुरेख! बरणी चतुर्थीसाठी राखून ठेवली. 10 सप्टेंबरला गणपती. त्या तुपाचं मोहन घालून नेवऱ्या, म्हणजे करंज्या केल्या, साठेक. गरम असताना कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि धाकट्या जावेनं एक खाऊन दुसरी हळूच परत ठेवली. काही बोलली नाही, ते जास्त लागलं. मैदा गेला, खोबरं गेलं, साखर गेली, दोन बायकांचा अख्खा दिवस गेला. तेल गेलं तूप गेलं म्हणतात ते याला. पाव किलो लोणी वाचवायला निघाले होते मी.

"आमच्या टायमाक खय होतो फ्रीज?" हा सासूबाईंचा हुकमी एक्का. नव्हता, मान्य. पण त्या वेळी लोणी तीन महिने साठवत तरी कोण होतं? आमच्याकडच्या गाई लहान चणीच्या, दिवसाला दोन-अडीच लिटर दूध म्हणजे डोक्यावरून पाणी. गोळा निघाला की दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, ताक पार निघेपर्यंत. मग मडक्यात पाण्याखाली ठेवायचा, पाणी रोज बदलायचं, आणि चार-पाच दिवसांत कढवून मोकळं व्हायचं. त्यांची पद्धत चोख होती. फ्रीज आला आणि आपण पद्धत सोडली, वाक्य तेवढं ठेवलं.

एका काकांनी लगेच आयुर्वेदातलं पुराणघृत काढलं. काका, ते तूप. जुनं तूप औषध म्हणून सांगितलंय, खवट लोण्याच्या नेवऱ्या नाही सांगितल्या. मीही मग हौसेनं सासूबाईंना सांगितलं की आयर्लंडमध्ये 2016 साली दलदलीतून दहा किलोचा लोण्याचा गोळा निघाला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यांनी मोदकांचे तांदूळ निवडता निवडता विचारलं, "मगे खाल्ल्यानी काय कोणी ता?"

बुरशीचं मात्र बोलायलाच नको. ठिपका दिसला की सगळं बाहेर, खरवडून खाणं नाही. बाकी खवट लोण्यानं माणूस लगेच आजारी पडतो असं नाही, एवढंसं पोटात गेलं म्हणून घाबरू नका. पण जे चाखताना तोंड वाकडं होतं ते पाहुण्याच्या ताटात घालायचं, आणि तेही देवाच्या नावावर? मला नाही जमत. एकदा जमवलं होतं, ते वर लिहिलंच आहे.

तर डबा मी माडाच्या मुळाशी रिकामा केला, राखेनं घासला, उन्हात पालथा घातला. सासूबाई पडवीतून बघत होत्या. "तुझा नाक लय शाणा," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं जिंकले.

काल संध्याकाळी फ्रीजमध्ये दुधाची पिशवी ठेवायला गेले तर मागच्या कोपऱ्यात एक वाटी, वर बशी उपडी. जड लागली. मी अजून बशी उचललेली नाही.