एक आणि तीच मृण्मयी

मुलीचं नाव मी ठेवलं. घरातली मंडळी पूजा, स्नेहा अशी सुटसुटीत नावं घेऊन बसली होती. पण मी पडलो मराठीचा मास्तर. म्हटलं, मृण्मयी. ऋकार आहे, णकार आहे, उच्चारताना जीभ जरा शिस्तीत उभी राहते. वर्गात ‘कृती’चं ‘क्रुती’ करणाऱ्याचा मी अर्धा मार्क कापायचो. त्या सगळ्या अर्ध्या मार्कांची वसुली बावीस वर्षांनी झाली, तीही व्याजासकट.

मृण्मयीनं मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात जाहीर केलं, की मास्टर्सला जर्मनीला जायचंय. मी नाही म्हणणार होतो, पण तिनं आधीच सांगून टाकलं, ‘‘बाबा, तिथं सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते. बाडेन-वुर्टेंबर्गसारखं एखादं राज्य सोडलं तर.’’ फी नाही म्हटल्यावर माझा विरोध मावळला. उरली फक्त पात्रता. मला वाटलं, पात्रता म्हणजे मार्क. मार्क तर पोरीला चांगले होते, दहापैकी ८.१.

पण ते ८.१ तिकडे चालत नाहीत. त्यासाठी बव्हेरिया या तिथल्याच एका राज्याचं सूत्र आहे. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा पास होण्यापुरते, म्हणजे दहा वजा चार, यानं भागायचं, तिनानं गुणायचं आणि एक मिळवायचा. मी कागदावर मांडून पाहिलं, तर उत्तर आलं १.९५. माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षं पोरगी शिकली आणि हातात दोनसुद्धा नाहीत!

‘‘बाबा, तिकडं १ म्हणजे पहिला नंबर. ४ म्हणजे काठावर पास. ५ म्हणजे नापास. कमी तेवढं चांगलं.’’

म्हणजे रक्तातल्या साखरेसारखं. हे मला पटलं, पण शेजारच्या नानांना पटवणं अवघड होतं. त्यांचा नातू दहावीला ९४ टक्के घेऊन आल्यापासून ते गल्लीत सगळ्यांचे मार्क विचारत फिरायचे. त्यांनी कट्ट्यावर विचारलं, ‘‘जर्मनीच्या हिशोबानं किती बसले?’’ मी छाती काढून म्हणालो, ‘‘एक पॉइंट पंचाण्णव.’’ नाना गप्प झाले. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, ‘‘मास्तर, बी.एड.चा विचार करा की.’’

इंग्रजीची पात्रता वेगळी. आयईएल्ट्‌स तिनं दिली, ६.५ हवे होते, ७ पडले, तो विषय तिथं संपला. पण एका विद्यापीठाला शिवाय कॉलेजचं पत्रही हवं होतं, की संपूर्ण शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं आहे. कॉलेजनं ते हसत दिलं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या ज्या सरांची त्यावर सही होती, त्यांचं एक लेक्चर मृण्मयीनं मागं मोबाइलवर टिपलं होतं, ते मी ऐकलंय. ‘‘हे बगा, पानी हितनं आत शिरतंय. पाइप बारीक झाला. मग पानी काय करनार? पळनार! पळालं की प्रेशर कुटं गेलं? खाली.’’ बर्नूलीचा नियम इतका स्वच्छ मला आयुष्यात कुणी समजावला नव्हता. हे जर इंग्रजी असेल, तर मलाही येतं.

शिफारसपत्रं दोन लागतात. दोन्ही प्राध्यापकांनी एकच वाक्य सांगितलं, ‘‘तूच लिहून आण, मी सही करतो.’’ स्वतःची स्तुती स्वतः लिहायची म्हणजे आमच्या घरात संस्काराचाच प्रश्न. पोरीनं पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘ही विद्यार्थिनी बरी आहे.’ मी म्हटलं, अगं, हे शिफारसपत्र आहे की औषध घेतल्यावरचा निरोप? मग मी लाल पेन घेऊन बसलो आणि तिला इतकं हुशार केलं, की सही करताना सरांनी विचारलं, ‘‘ही आपल्याच बॅचला होती का?’’

मग आलं ट्रान्स्क्रिप्ट. आठही सेमिस्टरचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा, विद्यापीठानं शिक्का मारून दिलेला कागद. खिडकीतले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘मार्कलिस्टा हायत न्हवं? त्यातच सगळं लिवलंय. मग ह्ये कशाला?’’ प्रश्न इतका रास्त होता, की मी उत्तर शोधायला बाजूला होऊन उभा राहिलो. तोवर जेवणाची सुट्टी झाली. चलन भरून, अर्ज लिहून, झेरॉक्स जोडून चौथ्या फेरीला तो कागद हातात पडला. मृण्मयीनं तो पाहिला आणि म्हणाली, ‘‘बाबा, ही मी नाही.’’

पासपोर्टवर तिचं स्पेलिंग होतं एम, आर, मग यू आणि शेवटी डबल ई. ट्रान्स्क्रिप्टवर आर नंतर आय. घरी येऊन सगळी कागदपत्रं पलंगावर पसरली. दहावीला यू, पण शेवटी नुसता आय. बारावीला आर नंतर आय आणि शेवटी वाय. आधारवाल्यानं मधला वायच गाळून ‘मृण्मई’ केली होती. चार वर्षांच्या मार्कलिस्टांत दोन्ही गटांना समान प्रतिनिधित्व होतं. एका ऋकारातून इतक्या मुली निघतील याची मला कल्पना नव्हती. रोमन लिपीत ऋ नाही, हा तिचा दोष, पण दंड मला.

त्यात क्रमाचा घोळ. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग बापाचं. ‘पाटील मृण्मयी सदाशिव.’ सगळ्यात शेवटचा शब्द तेच आडनाव, असं धरून एका जर्मन विद्यापीठाची मेल आली, ‘झेअर गेएर्टे फ्राउ सदाशिव’. मृण्मयीनं अर्थ सांगितला, माननीय श्रीमती सदाशिव. आमची ही पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, ‘‘म्हणजे मीच की. काय म्हणतायत?’’

‘‘अगं, एक कागद कमी आहे म्हणतायत.’’

‘‘लग्नात तुमच्या काकांनी पण हेच म्हटलं होतं.’’

उपाय एकच, प्रतिज्ञापत्र. कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली टायपिस्ट आणि नोटरी वकीलसाहेब बसतात. मृण्मयीनं शपथेवर लिहून दिलं, की वरील पाचही स्पेलिंगं धारण करणारी व्यक्ती ‘वन अँड द सेम पर्सन’ असून ती व्यक्ती मीच आहे. टायपिस्टनं पाचातल्या एका स्पेलिंगात चूक केली आणि सहावी मृण्मयी जन्माला घातली. दुसरा स्टॅम्प पेपर आणला. वकीलसाहेब शिक्का मारता मारता म्हणाले, ‘‘गुर्जी, राजपत्रात देऊन पूजा करून टाका. पोरीच्या पोरांना तरी ताप नको.’’ मी भाषेसाठी आयुष्य दिलेला माणूस. तरी क्षणभर, अगदी क्षणभर, मी पूजाचा विचार केला.

हे सगळं गेलं दिल्लीला. १ नोव्हेंबर २०२२पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी भारतातल्या मुलांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमचे कागद खरे आहेत असं सांगणारा हा आणखी एक कागद. किंमत १८,००० रुपये. आमच्या वेळी हेच काम तलाठी चहावर करायचा. बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जुलै, त्यामुळे जून महिनाभर घरात कुणी ‘दिल्ली’ म्हटलं की मी राजकारण सोडून एपीएसबद्दल बोलू लागे.

पैशाची पात्रता अजून बाकीच होती. वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे अकरा लाखांच्या वर, आधीच एका बंद खात्यात ठेवायचे. त्यातून मुलीला दरमहा ९९२ युरोच काढता येतात. माझ्या बापाचीच पद्धत. जत्रेला पाठवताना आठ आणे कबूल करायचा, चार आणे हातावर ठेवायचा आणि उरलेले चार थोरल्या भावाच्या खिशात. थोरला त्या दिवशी जर्मनीच होता. एवढी रक्कम उभी करायला बँकेत कर्जाला गेलो, तर त्यांनी शेताचा सातबारा मागितला. सातबाऱ्यावर तीन चुलते आहेत, पैकी एक बोलत नाही. तो लेख वेगळा लिहावा लागेल.

व्हिसाचा फोटोही काढला. ३५ बाय ४५ मिलिमीटर, तोंड मिटलेलं, हसायचं नाही. स्टुडिओवाला तीस वर्षं ‘जरा स्माइल’ म्हणत आलेला. तो दर वेळी सवयीनं म्हणायचा, पोरगी दर वेळी हसायची. शेवटी मी तिच्यासमोर ट्रान्स्क्रिप्ट धरलं, तेव्हा जमलं.

आणि एका दुपारी प्रवेशाचं पत्र आलं. पुन्हा फ्राउ सदाशिवच्या नावानं. ते दुरुस्त करून घ्यायला आणखी दोन मेल गेल्या, पण त्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नानांना पेढा दिला. ते म्हणाले, ‘‘एक पॉइंट पंचाण्णववर घेतलं? मोठ्या मनाची माणसं.’’

रात्री ही म्हणाली, ‘‘पोरीला भेटायला वर्षभरानं जाऊ. माझा पासपोर्ट काढायला टाका.’’ मी उत्साहानं हिची कागदपत्रं पलंगावर पसरली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शकुंतला, माहेरचं आडनाव जाधव. लग्नात तांदळाच्या ताटात मी सोन्याच्या अंगठीनं लिहिलेलं नाव सुनंदा, आणि आधारवर तेच. रेशनकार्डावर सुनिता. मतदार यादीत नुसतं ‘स. पाटील’, आणि वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी जास्त.

‘‘अंगठीनं सुनंदा तुम्हीच लिहिलंत,’’ ही म्हणाली.

सकाळी पिंपळाखाली गेलो. वकीलसाहेबांनी लांबूनच पाहिलं आणि टायपिस्टला हाक मारली, ‘‘गुर्जी आले रे. मोठा कागद लाव.’’