घेऊन जा गे वारसा!

वारसा जपायचा म्हणता, भाऊ? मग आधी त्याला घराबाहेर काढा. माळ्यावरचं घंगाळ भंगारवाल्याकडे जातं तेव्हा ते नुसतं पितळ असतं. तेच एखाद्या हॉटेलाच्या दारात कुंडी होऊन बसलं की आपण त्याच्यासोबत फोटो काढतो. देशाच्या वारशाचंही तसंच आहे, फक्त हॉटेल जरा लांब असतं.

आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या पहिल्या रघूजीराजांची तलवार बघा ना. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी नागपूरची जी लूट केली, तिच्यात ती गेली असावी असं जाणकार म्हणतात. इथेच राहिली असती तर काय झालं असतं? दसऱ्याला हळदकुंकू आणि वर्षभर ट्रंकेत मुक्काम. लंडनला गेली म्हणून एप्रिल २०२५ मध्ये तिचा लिलाव झाला आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख मोजून तिला सोडवून आणलं. आपलीच वस्तू विकत घेतली म्हणून जीव जाळू नका. चोरीछुपे देशाबाहेर नेलेल्या सांस्कृतिक वस्तू परत करण्याबद्दल युनेस्कोचा १९७० चा करार आहे, भारतही त्यात १९७७ पासून आहे. पण हा करार मागे वळून बघत नाही, आधी गेलं ते गेलं. (लुटणाऱ्यांनी मुहूर्त किती नेमका साधला, कौतुक करा!) शिवाय त्या तलवारीचं पातं युरोपातलं आणि त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राजांचं नाव, पुढे ‘फिरंग’, म्हणजे परदेशी पात्याची तलवार. पातं त्यांचं, नाव आपलं, पैसेही आपलेच. आंतरराष्ट्रीय सहकार्य आणखी काय वेगळं असतं?

विकत घेणं परवडत नसेल तर उसनं आणा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखं तीन वर्षांसाठी दिली, ती साताऱ्याहून २०२५ मध्ये आपल्या अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आली. तीच ती वाघनखं, असं ते संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही, पण उसन्या वस्तूला खोड काढू नये. अजबबंगला १८६३ पासून इथेच आहे आणि तुम्ही तिथे शेवटचे गेलात ते शाळेच्या सहलीत. माझं ऐकाल तर तिथल्या प्रत्येक मूर्तीखाली परतीची तारीख लिहून टाका. परत जाणार म्हटलं की नागपूरकर मुलाबाळांसकट रांग लावतो.

काटोल रोडवरच्या जुनापाणीला जाल तेव्हा तिथल्या शिळावर्तुळांना, म्हणजे प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या कड्यांना, गोटेच म्हणा. रिव्हेट-कारनॅक नावाच्या साहेबाने ती एकोणिसाव्या शतकात खोदली, दगडांवरचे वाटीएवढे खळगे टिपून घेतले, युरोपातल्या खळग्यांशी ताडून पाहिले आणि १८७९ मध्ये छापलेही. खाली सापडलेली लोखंडी हत्यारं ब्रिटिश म्युझियममध्ये सुखरूप आहेत. खळगे मात्र नेता आले नाहीत बिचाऱ्याला. शेंगदाण्याची टरफलं टाकायला ते फार सोयीचे पडतात.

विद्वान निवडतानाही गाव बघावं. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांवर बोलायची वेळ आली तर खुशाल हॉलंडच्या हान्स बाकरांचं नाव घ्या. माणूस खरोखर मोठा आहे, आणि उच्चारताना आपणही थोडे मोठे होतो. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख गोळा करून १९६३ मध्ये जाडजूड ग्रंथ दिला खरा, पण ते पडले नागपूरचे. बाकरांनी मिराशी बारकाईने वाचले आहेत, ही गोष्ट कोणाला सांगत बसू नका.

कोणी विचारेलच, की तिकडे गेलं म्हणजे टिकतंच का? वाकाटकांच्याच काळातल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षं गुहांत बसून नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. अशा वेळी विषय बदलावा, संत्र्यांच्या भावावर यावं.

राहता राहिली आपली मारबत, गावाची इडापिडा घेऊन जाणारा तो पुतळा. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची, आणि दोघींनाही मिरवून शेवटी जाळायचं असल्यामुळे त्यांना काचेच्या कपाटात ठेवायची सोय नाही. तेव्हा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गर्दीत कोणी गोरा पाहुणा कॅमेरा घेऊन उभा दिसला तर त्याला पुढे घ्या, तर्री-पोहे खाऊ घाला. ‘हे काय आहे?’ असं त्याने विचारलं तर हसून मान हलवा. दोन वर्षांनी तोच येऊन आपल्याला सांगेल. आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडताना, बाप्पा, तोंड जरा त्याच्याकडे असू द्या.